हळद लावलेली काच

सूर्य वाया जातो याचं मनापासून दुःख होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघाला. कुणाला दूध उतू गेलेलं बघवत नाही, कुणाला नळ ठिबकत राहिलेला बघवत नाही. आमच्या भावोजींना ऊन नुसतं पडून राहिलेलं बघवत नसे. मे महिन्याच्या दुपारी सगळं हैदराबाद सावली शोधत असताना हे डोक्याला ओला पंचा बांधून गच्चीवर उभे राहायचे आणि खाली येऊन, "आज पण सगळं वाया गेलं," असं सांगायचे. चेहरा असा, की घरातलं कुणीतरी नापास झालंय. मलकपेठेत आमच्या घरापासून रेसकोर्स जवळच. तिथल्या उघड्या मैदानाकडे बघून ते हळहळायचे, "एवढं ऊन, आणि सगळं घोड्यांच्या पाठीवर!" एकदा रेसच्या दिवशी सकाळपासून भिंतीशी उभं राहून त्यांनी दर अर्ध्या तासाला उन्हाची नोंद केली. हातात वही, कानावर पेन्सिल, नजर घटकेत मैदानावर, घटकेत आभाळात. बाहेर जमलेल्या शौकिनांना वाटलं, कुणीतरी मोठा जाणकार आहे. दोघं-तिघं अदबीनं जवळ आले. "साब, आज कैसा है?" भावोजींनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तीन के बाद भरोसा नक्को करो मियाँ." संध्याकाळी त्यातला एक जण घर शोधत आला आणि बळेबळे मिठाईचा पुडा हातात कोंबून गेला. आपण त्याचं काय भलं केलं, हे भावोजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मिठाई मात्र त्यांनी आवडीनं खाल्ली.

माझं सासर मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीचं. आजेसासरे निजामाच्या काळात शिकायला म्हणून शहरात आले आणि इथलेच झाले. मी पुण्याची. त्यामुळे घरात पाऊल ठेवल्यापासून भावोजी मला "पुणेकर" म्हणत, तेही अहो-जाहो करून. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी ठेवणीतली साडी नेसून नमस्काराला वाकले, तर आशीर्वाद द्यायचा राहिला बाजूला, ते म्हणाले, "पुणेकर, जरा खिडकीपाशी या. पदर उन्हात धरा." मी धरला. बराच वेळ निरखून म्हणाले, "दोन वर्षं. मग उडते बगा हा रंग." बरोबर दोन वर्षांनी उडाला. घरच्या बायका त्यांना साडीच्या दुकानात न्यायला घाबरत. दुकानदार "पक्का रंग है अम्मा" म्हणाला की हे पुढे सरसावून विचारत, "पक्का म्हणजे कितना उजाला खाके पक्का?" आणि मग अर्धा तास दुकानदार, गल्ल्यावरचा त्याचा भाऊ आणि दोन अनोळखी गिऱ्हाइकं रंग का उडतो यावर व्याख्यान ऐकत. साडी राहून जाई.

भावोजी जामबागेतल्या एका जुन्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणत, "राहून गेलं," जसं आपण दळण आणायचं राहून गेलं म्हणतो. वर्ग संपले की ते प्रयोगशाळेच्या मागच्या एका चिंचोळ्या खोलीत शिरत. त्या खोलीला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीत त्यांचा सगळा संसार होता. रंगाकडून उन्हाची वीज करून घेणं, हा तो संसार. काचेवर भिंतीच्या रंगात असते तसली पांढरी पूड पातळ पसरायची, भट्टीत भाजायची आणि ती थर बसलेली काच एका धातूच्या रंगात भिजवून ठेवायची. पूड पसरायचा हात बसावा म्हणून ते घरी तव्यावर काचेच्या कांडीनं धिरडी घालत. धिरडी उत्तम होत. दुसरी काच काजळीनं काळी करायची असे. ती ते देवघरातल्या समईवर धरत, आणि सासूबाई कपाळाला हात लावत. त्या रंगामुळे त्यांची बोटं कायम लालसर काळी असायची. पान न खाणाऱ्या या माणसाला अख्खी गल्ली पानाचा शौकीन समजे.

हा रंग करतो तरी काय, हे त्यांनी आम्हाला शिकवलं ते एका रविवारी, बेसनाच्या लाडवावर. मला खुर्चीत बसवून म्हणाले, "पुणेकर, तुम्ही रंग. तुमच्या पोटात एक धातू बसलाय, रुथेनियम. हा लाडू म्हणजे इलेक्ट्रॉन." माझ्या शेजारी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला बसवलं, हे पांढरी पूड. सासूबाई दुसऱ्या बाजूला, त्या दोन काचांच्या मधलं आयोडीनचं पाणी. मग भावोजींनी माझ्या तोंडावर बॅटरीचा उजेड मारला. "उजेड पडला! द्या लाडू!" मी लाडू यांना दिला. यांनी तो घेऊन पुढच्या दारानं बाहेर जायचं, व्हरांड्यातली घंटी वाजवायची, मागच्या दारानं आत येऊन सासूबाईंना लाडू द्यायचा आणि सासूबाईंनी मला. घंटी वाजली म्हणजे वीज झाली. पहिल्या खेपेला यांनी लाडू घेतला आणि हसून लगेच मलाच परत दिला. नवीन लग्न होतं. भावोजी खवळले, "अरे, थेट परत द्यायलास! घंटी कोण वाजवणार? हाच तर सगळा तोटा आहे!" दुसऱ्या खेपेला घंटी वाजली, पण सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उठायला वेळ लागला. तेवढ्यात भावोजींनी पुन्हा बॅटरी मारली. माझा हात रिकामा. "बगितलं?" ते एकदम गंभीर झाले. "रंग देतो, आणि उजेड पडायच्या आत देतो म्हटलं तरी चालेल. पण दिलेलं त्याला वेळेत परत मिळालं पाहिजे. उशीर झाला की रंग तुटला. मग किती बी ऊन पाडा, काही नाही." सासूबाई म्हणाल्या, "तुझा तो रंग तुटायचा तेव्हा तुटेल, माझे गुडघे तुटलेत," आणि लाडू खाऊन टाकला.

नव्वदीनंतरचे ते दिवस. सगळं खुलं झालंय, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. गच्च्यांवर केबलच्या वायरींचं जाळं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ, आणि ज्याच्या-त्याच्या घरातलं पोर कॉम्प्युटरच्या क्लासला. भावोजींच्या वर्गात पूर्वी उभं राहायला जागा नसे, तिथे आता पुढची दोन बाकं भरेनात. हुशार मुलं नमस्कार करायला येत आणि अमेरिकेला जात. त्यांतल्याच एकानं तिकडून वीज वाहणाऱ्या काचेच्या काही पट्ट्या आणि एका इवल्याशा बाटलीत चिमूटभर रुथेनियमचा रंग पाठवला होता. तेवढीच चिमूट, तीच कणाकणानं पुरवायची. ती बाटली भावोजी खिशात बाळगत आणि मधूनमधून चाचपून पाहत.

अशातच कॉलेजला कॉम्प्युटर बसवायला खोली हवी झाली. कॉम्प्युटरला म्हणे ऊन सोसत नाही, धूळ सोसत नाही. मागची खोली घ्यायची, खिडकी विटांनी बुजवायची आणि एसी लावायचा, असं ठरलं. भावोजींना खोली जाण्यापेक्षा खिडकी बुजवण्याचा धक्का जास्त बसला. कॉलेजचे सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. भावोजींच्या हाताखाली शिकलेले होते. ते म्हणाले, "सर, कमिटीवाले मुझे पूछते, इतने साल में क्या चला? मला एक वस्तू चालवून दाखवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो. चालली, तर तुम्ही रिटायर होईपर्यंत त्या खोलीला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द." भावोजींनी घरचं भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं. तीन काचा एकापुढे एक जोडल्या की ते सेलशिवाय चालेल, असा त्यांचा हिशेब होता. एकदा मला नेऊन त्यांनी दाखवलंही. खिडकीतल्या उन्हात सेकंदकाटा टुकटुक चालला होता आणि हा पन्नाशी उलटलेला माणूस त्याच्याकडे बघून गालात हसत होता. पण आयोडीनचं पाणी दोन दिवसांत सुकून जाई, म्हणून खऱ्या दिवसासाठी नव्या तीन काचा करायच्या आणि त्याच सकाळी जोडायच्या, असं ठरलं. बाटलीतला उरलेला सगळा रंग त्या तीन काचांत गेला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. वीज वाहणारी ती काच इथे मिळत नसे, म्हणून वापरलेल्या काचा भावोजी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून दर शनिवारी घरी आणत आणि मी त्या धुऊन देत असे. धुण्याचा सोडा, साबण आणि नारळाचा काथ्या. थर निघेपर्यंत घासायचं. "पुण्याचा हात लागल्याशिवाय काच चकचकत नाही बगा," असं ते कौतुकानं म्हणत, आणि ते मला फार आवडे. त्या वर्षी अष्टमीला कॉलेज बंद झालं आणि भावोजी तोच डबा घेऊन घरी आले. डबा कपाटात ठेवला आणि सुटे चिमटे, तारा आणायला अफझलगंजच्या बाजारात गेले. घरात खंडेनवमीची तयारी चाललेली. आमच्याकडे शेताचा रिवाज शहरात येऊनही सुटला नाही. गावाहून आणलेला विळा, खुरपं, सासूबाईंचं शिवणयंत्र, यांचं पंचिंग मशीन आणि स्टेपलर, सगळं धुऊनपुसून पूजेला मांडायचं. भावोजींचं काही कधीच नसे, त्यांचं सगळं कॉलेजात. मला वाटलं, यंदा भावोजींच्या हत्यारांची पूजा व्हायलाच हवी. यंदाच तर गरज आहे. मी डबा काढला. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: "उजेड लागू देऊ नये."

ती चिठ्ठी मी पाळली. अगदी शब्दशः पाळली. मोरीत गेले, दार लावलं, दिवा मालवला आणि काळ्या अंधारात त्या तीन काचा सोडा-साबणानं घासल्या. बोटांना थर लागत होता, वाळलेल्या पिठासारखा. नेहमी लागे तसाच. या खेपेला जरा चिवट वाटला म्हणून मी आणखी जोर लावला. वापरलेल्या काचांना उजेडाची भीती कशाला असेल, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. अंधारात असल्यामुळे पाण्याबरोबर काय वाहून गेलं तेही दिसलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर काचा आरशासारख्या. मी खूश झाले.

नवमीच्या सकाळी भावोजी आंघोळ करून पूजेपाशी आले. विळा, खुरपं, शिवणयंत्र आणि त्यांच्या शेजारी झेंडूची फुलं वाहिलेल्या, हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या तीन स्वच्छ काचा. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. शाबासकीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. ते थबकले. मग खाली बसले, कपाळ टेकवून पूर्ण नमस्कार केला, आणि एक काच उचलून खिडकीशी नेली. उलटसुलट केली. "चांगल्या धुतल्यात," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं. त्या खऱ्या दिवसासाठीच्या नव्या काचा होत्या. मी काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "डबा तोच वापरला मी. चूक माझी आहे. आन हे बगा, घरात कुणाला सांगू नक्का. सण आहे. उगं परेशान होतेत सगळे."

मग त्यांनी तिन्ही काचा तपासल्या. दोन साफ कोऱ्या होत्या. तिसरीच्या एका कोपऱ्यात नखाएवढा थर माझ्या काथ्याच्या तावडीतून सुटला होता, त्यातला रंग सोड्यानं निघून नुसता पांढरा उरलेला, आणि त्यावर मी ओढलेलं हळदीचं बोट मुरलं होतं. दुपारी त्यांनी त्या कोपऱ्याला आयोडीनचा थेंब लावला, काजळीची काच वर दाबली, चिमटे जोडले आणि खिडकीत धरून मीटरकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात तोंड लपवून पोळ्या लाटत होते. एकदम त्यांची हाक आली, "पुणेकर! लवकर या! हळद चालायलीय!" जाऊन पाहते तर मीटरची सुई खरंच जराशी उचललेली. हळदीनंही उजेड पिऊन दोन-चार इलेक्ट्रॉन दिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की क्षणभर मलाही वाटलं, सगळं ठीक होईल. पण तेवढ्यावर घड्याळ चालणार नव्हतं, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीही हट्टानं कॉलेजात गेले. सेक्रेटरी वेळेवर आले, हातात आपट्याची पानं घेऊन. भावोजींना पान देऊन पाया पडले. मग भावोजींनी त्यांना हळदीची काच दाखवली, सुई दाखवली. सेक्रेटरींनी वाकून नीट बघितलं, खिडकीत गप्प पडलेल्या घड्याळाकडे बघितलं आणि अवघडून म्हणाले, "सुई तो हिली सर. मगर घड़ी नहीं चली ना. क्या हुआ? पिछले हफ्ते तो बोले थे चलती बोलके." भावोजी म्हणाले, "काचा हातातून पडल्या. रंग पुसला गेला. हाताला आजकाल जरा कंप येतो." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली: बोलायचं नाही. आणि मी बोलले नाही. एका वाक्याचं काम होतं. साहेब, काचा मी धुतल्या, सरांचं काम चालतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना महिनाभर द्या, रंग पुन्हा मागवू. एवढंच. मी पदर बोटाला गुंडाळत भिंतीशी उभी राहिले. त्यांनी मान हलवली म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटली.

दिवाळीनंतर खिडकी बुजली. भावोजी मुदतीआधीच निवृत्त झाले. निरोपसमारंभात एका तरुण प्राध्यापकानं भाषणात ती गोष्ट सांगितली: अख्खं आयुष्य ज्यावर घालवलं तेच आयत्या वेळी स्वतःच्या हातानं पाडणारे आमचे सर! सगळा हॉल प्रेमानं हसला. भावोजीही हसले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या शेजारी हेसुद्धा हसले आणि कानाशी म्हणाले, "दादा लहानपणापासून असाच धांदरट." मी तेव्हाही उठले नाही. मग घरात ती म्हणच पडली. कुणाच्या हातून कपबशी फुटली की, "दादाचा हात लागला वाटतं." हात तर त्यांचा शेवटपर्यंत इतका स्थिर होता की तव्यावर कागदासारखं पातळ धिरडं घालत.

पुढची काही वर्षं त्यांनी घराच्या खिडकीतच काढली. जांभूळ, डाळिंबाची साल, जास्वंद, अफझलगंजातून जे मिळेल ते त्या वाचलेल्या कोपऱ्यावर लावून बघत. फिरून-फिरून हळदीवर येत. हळदीचा पिवळा रंग उन्हात चार-आठ दिवसांत उडून जाई. बायकांना हे माहीत असतंच. कपड्यावर हळद पडली की आपण उन्हात टाकतो. पण का उडते, हे मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "हळद भाबडी आहे पुणेकर. उजेड पडला की देऊन टाकते. परत मिळेपर्यंत तिच्यात दम राहत नाही. तो रुथेनियम थांबायचा बिचारा, लाख-लाख वेळा दिलं तरी उभाच." मग काचेकडे बघतच म्हणाले, "पण त्याला बी वेळेत मिळालं पाहिजे ना." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, ते रंगाबद्दलच बोलत होते. मला मात्र तिथे बसवेना. मी चहाचं निमित्त काढून उठले.

यांना सांगायचं मी दर दसऱ्याला ठरवत असे. पुढच्या दसऱ्याला. भावोजी असतानाच सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, मग ते "जाऊ द्या हो" म्हणतील आणि सासूबाई मला दोन शब्द सुनावतील आणि घरातली ती म्हण बंद होईल, असं सगळं मी मनात रंगवलं होतं. एका वैशाखात भावोजी दुपारी गच्चीवरून खाली आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गेले. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांत पुन्हा ती गोष्ट निघाली, पडलेल्या काचांची. लोक डोळे पुसत हसले. पंगत उठल्यावर मी यांना आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं: डबा, चिठ्ठी, मोरीतला अंधार, त्यांनी हलवलेली मान. हे ऐकत राहिले. मला वाटलं, रागावतील. मी त्यासाठी तयार होते. ते भावोजींच्या रिकाम्या खाटेकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "आता सांगतेस?"

ती काच माझ्याजवळ आहे. कोपऱ्यातला नखाएवढा थर अजून टिकून आहे. खंडेनवमीला विळ्या-खुरप्याच्या शेजारी ती मांडते, त्या कोपऱ्यावर हळदीचं बोट ओढते आणि पूजा झाली की दक्षिणेच्या खिडकीत ठेवते. दिवाळीपर्यंत पिवळा रंग उडून जातो. काच मी धूत नाही.